व्हॉल्व ॲम्पमधली घूं कुठून येते ते शोधायचं कसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत विश्रामबागच्या घरी व्हॉल्वचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, स्टिरिओ ॲम्प आहे, आउटपुटला ईएल८४ पुशपुल, म्हणजे दर बाजूला दोन व्हॉल्व जोडीनं चालणारे, एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व जीझेड३४, किटवरनं स्वतः जोडलाय. रात्री घर शांत झालं की स्पीकरमधून घूं येत राहते, व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढीच. टीव्ही जोडला की वाढते. आणि डाव्या बाजूला वीसेक मिनिटांनी तडतड सुरू होते. सगळे व्हॉल्व बदलून झाले, फरक काही नाही, आता डीसी सपाट करणारे फिल्टरचे कंडेन्सर मोठे टाकू का असं विचारताय.

नका टाकू, कारण पुढं सांगतो. आधी एक गोष्ट ध्यानात घ्या, तुम्ही लिहिलाय तो एक आवाज नाही, तीन आहेत. व्हॉल्यूमला न जुमानणारी घूं वेगळी, टीव्हीमुळं येणारी वेगळी आणि तडतड तिसरीच, तिघांचं मूळ तीन ठिकाणी असणार आणि तुम्ही तिघांना मिळून एक औषध शोधताय. मी मिरज-सांगली भागात तीस-बत्तीस वर्षं व्हॉल्वचे रेडिओ आणि ॲम्प दुरुस्त करतोय, माझ्याकडं ॲम्प येतो तेव्हा बऱ्याचदा त्यात आधीच दोन-तीन हजारांचे नवीन पार्ट पडलेले असतात आणि घूं जिथल्या तिथं, कारण ती कुठून निघतेय हे कुणी शांतपणे बसून ऐकलेलंच नसतं.

आत हात घालायच्या आधी हे वाचाच. या ॲम्पमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी आहे आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये बसून राहतो, कधी कधी बराच वेळ. १० के, म्हणजे दहा हजार ओहमचा, १० वॉटचा एक रेझिस्टर घ्या, दोन्ही टोकांना चांगल्या इन्सुलेशनच्या वायरी आणि क्लिपा लावा, प्लग काढल्यावर तो प्रत्येक मोठ्या कंडेन्सरच्या प्लस-मायनसला दहा-पंधरा सेकंद धरा, मग मीटरनं व्होल्टेज शून्याजवळ आलंय का बघा आणि मगच बोट घाला. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करून ठिणगी पाडायची सवय असेल तर ती सोडा. चालू ॲम्पवर मोजताना एक हात खिशात. जीझेड३४ चं ५ व्होल्टचं वाइंडिंग नुसतं ५ व्होल्टचं समजू नका, ते अख्खं एचटीवर, म्हणजे त्या ३०० व्होल्टच्या वरच्या डीसीवर, बसलेलं असतं. आणि स्पीकर किंवा ८ ओहमचा लोड लावल्याशिवाय ॲम्प चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आता कान लावायचं काम, याला एक रुपयाही लागत नाही. रात्री ॲम्प चालू करून पाच मिनिटं तापू द्या, घूं स्थिर झाली की ॲम्पचं स्विच बंद करा आणि त्या क्षणी काय होतंय ते ऐका. व्हॉल्वचे कॅथोड अजून गरम असतात, कंडेन्सर भरलेले असतात, त्यामुळं ॲम्प आणखी काही सेकंद जिवंत असतो, गाणं लावलं असेल तर ते हळूहळू विरत जातं. पण घूं जर स्विच पडल्या पडल्या कापल्यासारखी थांबली तर ती ॲम्पच्या स्वतःच्या पॉवर सप्लायमधनं, व्हॉल्व आतून तापवणाऱ्या हीटरमधनं किंवा ट्रान्सफॉर्मरमधनं येत होती, कारण मेन्स गेला की या तिघांतली हालचाल लगेच थांबते. आणि गाण्याबरोबर हळूहळू विरली तर ती बाहेरून आत येतेय, केबलमधनं, टीव्हीतनं, शेजारच्या वायरिंगमधनं. तुमच्या लिहिण्यावरनं मला वाटतंय की व्हॉल्यूम शून्यावरची घूं चटकन थांबेल आणि टीव्हीची विरत जाईल, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका, दोन-तीनदा स्वतः करून बघा.

दुसरं ऐकायचं ते सूर. आपला मेन्स ५० हर्ट्झचा, रेक्टिफायर दोन्ही बाजू वापरतो म्हणून सप्लायमधली लहर १०० हर्ट्झची. एकदा मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले एक तंबोऱ्याचे कारागीर माझ्या टेबलाशेजारी बसले होते, घूं ऐकून म्हणाले हा पांढरी पाचचा (पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा) सा आहे, पण जरा चढा. हिशोब करून बघितला तर बरोबर, पांढरी पाचचा खालचा सूर ९८ हर्ट्झ, त्याच्या खालच्या सप्तकातला ४९, म्हणजे ५० काय आणि १०० काय, सूर तोच, फरक फक्त सप्तकाचा. त्यामुळं नुसत्या सुरावरनं लोक फसतात, पोत ऐकायचा. ५० ची घूं मऊ, गोल, कानापेक्षा छातीत जाणवणारी असते, छोट्या स्पीकरवर तर ती जेमतेम ऐकू येते. १०० ची जास्त खरबरीत, भुंगा बाटलीत अडकल्यासारखी. नाहीच कळलं तर मोबाईलवर स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं फुकट ॲप टाका, फोन स्पीकरच्या कोनाजवळ धरा आणि शिखरं बघा: १००, २००, ३०० दिसली तर रेक्टिफायरची बाजू, ५० आणि १५० उंच असतील तर हीटर, ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा अर्थचा (अर्थिंगचा) लूप. फोनचा माइक ५० ला कमजोर असतो, त्यामुळं ५० चं शिखर लहान दिसलं तरी त्याला लहान समजू नका.

आता ॲम्पचे तुकडे पाडायचे. टीव्ही, डॅक (डिजिटल आवाजाचा साधा ऑडिओ करणारी डबी), सगळं काढून टाका, इनपुटला शॉर्टिंग प्लग घाला, म्हणजे मधली पिन आणि बाहेरची कडी सोल्डरनं जोडलेला आरसीए प्लग, घरी बनतो. व्हॉल्यूम शून्य. घूं तेवढीच राहतेय हे तुम्ही सांगितलंच, म्हणजे दोष व्हॉल्यूमच्या पॉटच्या पुढं आहे, पॉटचं अर्थचं टोक धरून. मग बंद करून, थंड होऊ देऊन, पहिला ईसीसी८३, म्हणजे इनपुटचा छोटा व्हॉल्व, काढा आणि पुन्हा चालू करा. घूं गेली तर ती त्या व्हॉल्वच्या ग्रिडला (जिथं गाणं आत शिरतं ती पिन) किंवा कॅथोडला शिरत होती. नाही गेली तर त्याच्या पुढं, फेज स्प्लिटर (पुशपुलच्या जोडीसाठी गाण्याचे दोन उलटसुलट भाग करणारा व्हॉल्व) किंवा आउटपुट. इथं एक बारकावा आहे, पहिला व्हॉल्व काढला की आउटपुटकडनं इनपुटला परत येणारा फीडबॅकही तुटतो, त्यामुळं पुढच्या भागात जी काही घूं असेल ती आधीपेक्षा मोठी ऐकू येते, तेव्हा गोंधळू नका. आउटपुटचे ईएल८४ मात्र असे एकेक काढत बसू नका, एचटी चढते. आणि पहिली स्टेज दुसरीला कंडेन्सरशिवाय थेट जोडलेली असेल तर व्हॉल्व काढायचाच नाही, ०.१ मायक्रोफॅरड ६३० व्होल्टच्या कंडेन्सरनं ग्रिड अर्थला नेऊन तेच उत्तर मिळतं. क्लिपा लावायच्या त्या ॲम्प बंद असताना.

समजा १०० चा भुंगा निघाला. तुम्ही लगेच कंडेन्सरकडं धावणार, पण किट नवीन आहे, कंडेन्सर इतक्यात मरत नाहीत. मीटर एसीवर घ्या, त्याच्या एका टोकाला तोच ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सिरीजमध्ये लावा आणि लहर मोजा. पहिल्या कंडेन्सरवर ८-१० व्होल्ट एसी दिसलं तर घाबरू नका, तिथं तेवढं असतंच. चोकच्या, म्हणजे दोन फिल्टर कंडेन्सरच्या मधल्या लोखंडी कॉइलच्या, पलीकडं ते पाव व्होल्टच्या आत आलं पाहिजे. तसं असेल तर तुमचं फिल्टर ठणठणीत आहे आणि मोठ्या कंडेन्सरनं काहीही होणार नाही, उलट नुकसान होईल. जीझेड३४ ला पहिला कंडेन्सर जास्तीत जास्त ६० मायक्रोफॅरडचा चालतो, त्याच्यावर गेलात तर चालू करताना आणि दर लहरीला इतका करंट ओढला जातो की रेक्टिफायरचा कॅथोड सोलून निघतो. मी सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाच्या रेडिओत ईझेड८१ च्या पुढं २२० चा कंडेन्सर टाकला होता, त्याची मर्यादा ५० ची. घूं गेली, गिऱ्हाईक खूश होऊन गेला आणि दोन महिन्यांत व्हॉल्वमध्ये ठिणगी पडून ट्रान्सफॉर्मरसकट सेट परत आला. तो ट्रान्सफॉर्मर मी माझ्या पैशानं गुंडाळून दिला. तेव्हापासून पहिला कंडेन्सर वाढवायचा नाही, वाढवायचा तर चोकच्या पुढचा.

मग भुंगा येतो कुठून? किटमध्ये माझा पहिला संशय वायरिंगवर असतो, त्यातही एका विशिष्ट वायरवर. मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या एचटी वाइंडिंगचा सेंटर टॅप, म्हणजे मधोमध काढलेली वायर, तुम्ही कुठं जोडलाय ते चेसिस उलटा करून बघा. बहुतेक जण तो जवळच्या चेसिसच्या स्क्रूला देतात आणि पहिल्या कंडेन्सरचा मायनस दुसऱ्या स्क्रूला. आता काय होतं, कंडेन्सर सेकंदाला १०० वेळा भरतो, भरताना करंट सपाट वाहत नाही, छोट्या छोट्या धक्क्यांनी येतो, एकेक धक्का अँपिअरच्या आसपासचा, आणि तो त्या दोन स्क्रूंच्या मधल्या पत्र्यातनं फिरतो. पत्र्याचा रेझिस्टन्स नगण्य, मीटरला शून्य दिसतो, तरी त्यावर मिलिव्होल्टभर पडतोच. त्याच वाटेत इनपुटचा अर्थ बसला असेल तर तो मिलिव्होल्ट गाण्यासारखाच वाढवला जातो, तुमच्या ॲम्पचा गेन २५ च्या आसपास धरला तर स्पीकरवर २५ मिलिव्होल्ट, आणि तेवढी घूं रात्री खोलीभर ऐकू येते. व्हॉल्यूम शून्यावर नेऊन ती जात नाही कारण शून्य म्हणजे तरी काय, ग्रिड पॉटच्या अर्थला टेकवणं, आणि अर्थच घाण झालेला असतो. उपाय सोपा आहे: सेंटर टॅपची वायर सरळ पहिल्या कंडेन्सरच्या मायनसच्या टॅगवर, दुसरीकडं कुठंही नाही. तिथून एक जाड वायर पुढच्या कंडेन्सरच्या मायनसला, तिथून पुढं फेज स्प्लिटरचा अर्थ, मग पहिल्या व्हॉल्वचा, शेवटी इनपुट, आणि चेसिसला फक्त इनपुटजवळ एकाच जागी. इनपुटचे आरसीए सॉकेट चेसिसपासून फायबर वॉशरनं वेगळे हवेत. आमच्याकडं येणाऱ्या किटच्या ॲम्पमध्ये एवढी एक वायर हलवून घूं गेली असं मी कितीदा बघितलंय, आणि दरवेळी मालकानं त्याआधी व्हॉल्व बदललेले असतात.

मऊ ५० ची असेल तर हीटर बघा. चार ईएल८४ प्रत्येकी ०.७६ अँपिअर आणि ईसीसी८३ प्रत्येकी ०.३, म्हणजे चार अँपिअर एसी त्या वायरीतनं खेळतोय आणि शेजारून मिलिव्होल्टचं ग्रिड जातंय. वायरी एकमेकींत घट्ट पिळलेल्या, चेसिसच्या कोपऱ्याला चिकटून, आणि ग्रिडच्या वायरीला ओलांडायचं झालं तर काटकोनात. हीटरच्या ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगला सेंटर टॅप आहे का? असेल तर तो अर्थला गेलाय का? नसेल तर दोन्ही टोकांकडनं १००-१०० ओहम अर्ध्या वॉटचे रेझिस्टर अर्थला द्या. दोन्ही एकदम नको. हेच सुटलेलं असेल तर हीटर हवेत तरंगतो आणि घूं जोरात येते. त्यानंही थोडी उरली तर हीटरचा सेंटर अर्थला न नेता ५० एक व्होल्ट डीसीवर बसवा, एचटीवरनं २२० के आणि ४७ के चा डिव्हायडर, ४७ के ला समांतर २२ मायक्रोफॅरड १०० व्होल्टचा कंडेन्सर. ईसीसी८३ मध्ये हीटर ते कॅथोड थोडी गळती असतेच, हीटर कॅथोडपेक्षा वर उचलला की ती थांबते.

आउटपुटच्या जोडीचं पण बघून घ्या. पुशपुलमध्ये सप्लायची लहर दोन्ही व्हॉल्वमध्ये सारखी जाऊन ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकींना मारते, पण दोघांचा करंट सारखा असेल तरच. प्रत्येक ईएल८४ च्या कॅथोडला स्वतंत्र २७० ओहमचा रेझिस्टर असेल तर त्यावर १०.८ व्होल्ट म्हणजे ४० मिलिअँपिअर. एकावर ९.५ आणि दुसऱ्यावर ११.६ आले तर जोडी जुळलेली नाही. नवीन चार व्हॉल्व आलेत ना, त्यांच्यातच अदलाबदल करून जवळच्या जोड्या लावा, आणखी मागवू नका.

ट्रान्सफॉर्मरची दिशा ही एकच गोष्ट अशी की ड्रिलिंग करण्याआधी कळली तर बरं. मेन्सचा आणि आउटपुटचा ट्रान्सफॉर्मर एकाच दिशेनं शेजारी बसवले तर एकाचं क्षेत्र दुसऱ्यात शिरतं, ते कुठल्याही कंडेन्सरनं जात नाही. ओळखायचं असं: सगळे व्हॉल्व काढा, ॲम्प चालू करा, हेडफोन आउटपुटला लावा. व्हॉल्वच नाहीत तरी घूं येतेय म्हणजे ती लोखंडातनं आली. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू सोडवून तो थोडा थोडा फिरवत ऐका, एका ठिकाणी आवाज एकदम बसतो, तिथंच भोक पाडा. फक्त हे करताना रेक्टिफायरही काढलेला पाहिजे, म्हणजे एचटी तयारच होणार नाही, आणि तरी पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या टॅगला हात नाही लावायचा.

स्पीकरमधून नाही, पत्र्यातनंच गुर्र येत असेल तर तो वेगळा विषय. आपल्याकडं रात्री उशिरा मेन्स चढतो, मी २५० च्या वर मोजलाय, मग ट्रान्सफॉर्मरचं कोअर तुंबतं आणि गुरगुरतं. प्रायमरीला २४० चा टॅप असेल तर त्यावर घ्या.

टीव्हीचं कारण आतल्या पार्टमध्ये नाहीच. टीव्हीला सेटटॉप बॉक्स, बॉक्सला केबल, केबलचं शील्ड खांबावर कुठंतरी अर्थ झालेलं, आणि ॲम्पला तुमच्या घरचा अर्थ, या दोन अर्थांमध्ये व्होल्ट-दोन व्होल्टचा फरक असतो आणि तो तुमच्या ऑडिओ केबलच्या शील्डमधनं वाहतो. केबलची कोॲक्स बॉक्समधनं काढून बघा, घूं गेली की पटलं. लॅपटॉपलाही हेच, चार्जर काढला की शांत. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट असेल तर त्यावरनं डॅक चालवा, प्रकाशाच्या केबलमधनं अर्थ जात नाही. नाहीतर ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मध्ये घाला. पण ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन तोडायची नाही. घूं त्यानं जाते हे खरं आहे, म्हणूनच लोक तोडतात, पण उद्या मेन्स ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर चेसिसला हात लावणारा घरातला कोण असेल सांगता येत नाही. चेसिस थेट अर्थला, आणि ऑडिओचा अर्थ चेसिसला १० ओहम ५ वॉट, त्याला समांतर ३५ अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, असं जोडता येतं. घर जुनं असेल, दोनच वायरीचं, तर आधी वायरमनकडनं खरा अर्थ करून घ्या, ॲम्पसाठी नाही, घरासाठी.

तडतड. सॉकेटमध्ये व्हॉल्व डावी-उजवीकडं बदला, बंद आणि थंड असताना. आवाज व्हॉल्वबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर दोष व्हॉल्वचा, नाही गेला, आणि तुमच्या बाबतीत नाहीच जाणार कारण तुम्ही सगळे बदललेत, तर बांबूची कोरडी काडी घ्या आणि चालू ॲम्पमध्ये डाव्या बाजूचा एकेक जोड, एकेक पिन हलकी दाबा, दुसरा हात खिशात. वीस मिनिटांनी येते म्हणजे काहीतरी तापून सैल होतंय. बहुतेक वेळा ईसीसी८३ च्या प्लेटचा १०० के रेझिस्टर, कार्बनचा असेल तर काढून २ वॉटचा मेटल फिल्म टाका, चाळीस-पन्नास रुपयांच्या आतलं काम आहे. त्याच्या पाठोपाठ सॉकेटच्या सैल पिना आणि वरनं चमकदार पण आत न धरलेला सोल्डर.

सॉकेटवरनं एक सांगतो, कारण तुमच्या गल्लीत नाही तरी नदीकडच्या ओळखीच्यांना उपयोगी पडेल. २०१९ च्या ऑगस्टच्या पुरानंतर गावभागातनं एक ॲम्प आला होता, पाणी चेसिसला लागून उतरलेलं, मालकानं महिनाभर उन्हात वाळवला, चालूही झाला, पण घूं आणि मधूनच फटफट. कपलिंग कंडेन्सर नवीन टाकले तरी आउटपुटच्या ग्रिडवर दोन-तीन व्होल्ट प्लस दिसायचे. भिंग लावून बघितलं तर बेकेलाइटच्या सॉकेटवर प्लेटच्या पिनपासून ग्रिडच्या पिनपर्यंत केसाएवढी काळसर रेघ होती, गाळ सुकून बसलेला. मीटर लावला तर गळती दिसली. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि टूथब्रशनं घासलं, व्होल्टेज अर्ध्यावर आलं, पण पूर्ण गेलं ते चिनी मातीचे सॉकेट घातल्यावरच. पुराचं पाणी लागलेला ॲम्प असेल तर सॉकेट आणि टॅगबोर्ड सरळ बदला, घासत बसू नका.

आणि कधी घूंच्या मागं बारीक बोलणं ऐकू आलं तर घाबरू नका. सांगलीत एका घरी सकाळी व्हॉल्यूम शून्यावर असताना आकाशवाणी सांगलीच्या बातम्या यायच्या, इनपुटची लांब वायर अँटेना झाली होती. ईसीसी८३ च्या २ नंबरच्या पिनला, अगदी पिनवर, १० के चा रेझिस्टर लावला आणि संपलं. गणपतीत आरासीच्या एलईडी माळा लावल्यावर किंवा पंख्याच्या रेग्युलेटरनं जी किर्र येते तीही बऱ्याचदा यानंच कमी होते.

सगळं करून थोडी घूं उरेल, कान कोनाला चिकटवला की ऐकू येईल, व्हॉल्व ॲम्पमध्ये ती राहतेच. इनपुट शॉर्ट करून स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर एसी मिलिव्होल्टवर लावा, २ च्या आत आला की थांबा, बसायच्या जागी काही ऐकू येणार नाही.

तुम्ही आता स्विच बंद करून घूं कशी जाते ते, चोकनंतरची लहर, चारही कॅथोडचे व्होल्ट आणि सेंटर टॅप कुठं जोडलाय त्याचा फोटो एवढं पाठवा, त्यावरनं पुढचं सांगता येईल. मिरजेला घेऊनच यायचं ठरवलंत तर सगळे व्हॉल्व काढून, कुठला कुठल्या सॉकेटचा ते कागदावर लिहून, एकेक मोज्यात गुंडाळून वेगळ्या पिशवीत आणा, ॲम्प ट्रान्सफॉर्मरची बाजू खाली करून मांडीवर ठेवा, डिकीत नको.